ती दहावी कुंडी

मी इंदूरची. अठ्ठावीस वर्षं महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमच्यापैकी कुणी बडोद्याहून ऐकत असेल, कुणी हैदराबादहून, कुणी बेळगावहून. आपलं मराठी थोडं थोडं वेगळं असेल, पण शाळेच्या प्रयोगवहीचा अनुभव सगळ्यांचा सारखाच. तिथूनच सुरुवात करते.

माझ्याकडे एक विद्यार्थी होता. एम. एस्सी.चा छोटा प्रकल्प होता, मुगाच्या रोपांवर खाऱ्या पाण्याचा परिणाम. दहा कुंड्या, सगळ्यांना सारखं मिठाचं पाणी. नऊ कुंड्यांतली रोपं अपेक्षेप्रमाणे खुरटली. दहावी मात्र मजेत वाढत होती. तो वही घेऊन माझ्याकडे आला. मी आकडे पाहिले आणि लाल पेनानं दहाव्या ओळीवर काट मारली. म्हटलं, "काहीतरी चुकलंय, ही सोडून दे." तो म्हणाला, "पण मॅडम, ती कुंडी मी तीनदा मोजलीये." मी म्हटलं, "सरासरी बिघडेल रे." त्यानं ऐकलं. आलेख सुंदर आला, गुणही चांगले मिळाले.

ही गोष्ट मी विसरून गेले होते. ती मला आठवून दिली एका बाईंनी, ज्यांना मी कधी भेटले नाही. त्यांचं नाव एव्हलिन फॉक्स केलर. आज त्यांच्याबद्दल बोलायचं आहे.

केलर यांचा जन्म २० मार्च १९३६ चा, न्यूयॉर्कमधला. आईवडील रशियातून आलेले ज्यू स्थलांतरित. ब्रँडाइस विद्यापीठातून १९५७ साली त्या भौतिकशास्त्राच्या पदवीधर झाल्या आणि पुढच्या अभ्यासासाठी हार्वर्डला गेल्या. भौतिकशास्त्रावर त्यांचं मनापासून प्रेम होतं. पण हार्वर्डमधली ती वर्षं फार वाईट गेली. मुलीला सैद्धांतिक भौतिकी समजते, यावर आसपासच्या लोकांचा विश्वासच बसत नव्हता. समजतं म्हटलं तर हसायचे. पुढे १९७७ साली त्यांनी या दिवसांबद्दल उघडपणे लिहिलं, तेव्हा अनेकींना वाटलं की ही आपलीच गोष्ट आहे.

त्या सोडून जाण्याच्या बेतात होत्या. त्याच काळात लाँग आयलंडवरच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेशी त्यांचा संबंध आला. तिथे रेण्वीय जीवशास्त्र नव्यानं उभं राहत होतं आणि तिथल्या लोकांनी त्यांना सामावून घेतलं. १९६३ साली पीएच.डी. मिळाली ती भौतिकशास्त्राचीच, पण प्रबंधाचा विषय जीवशास्त्राकडे वळलेला होता. म्हणजे पाय भौतिकीत आणि नजर सजीवांवर. इथून पुढे त्या आयुष्यभर अशा सीमेवरच राहिल्या.

आता त्यांचं पहिलं मोठं काम सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं आहे.

स्लाइम मोल्ड नावाचा एक जीव असतो. जंगलातल्या मातीत, पालापाचोळ्यात राहतो. एरवी तो म्हणजे सुट्या सुट्या एकपेशीय अमीबा. प्रत्येक जण आपापले जिवाणू खातो, कुणाचं कुणाशी देणंघेणं नाही. पण खाणं संपलं की चमत्कार होतो. हजारो, कधी लाखभर अमीबा एका ठिकाणी गोळा होतात, त्यांची मिळून एक बारीकशी गोगलगाय होते, ती सरपटते, मग उभी राहते आणि तिचा देठ आणि वर बीजाणूंचा गोंडा तयार होतो. देठात गेलेल्या पेशी, साधारण पाचातली एक, मरून जातात. वरचे बीजाणू जगतात.

प्रश्न असा, की गोळा व्हा हे कोण सांगतं? अमीबा एक रसायन सोडतात आणि बाकीचे त्याच्या दिशेनं सरकतात, इतकं माहीत होतं. त्या काळात अनेक जीवशास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की काही खास पेशी असणार. त्या आधी हाक देत असतील आणि बाकीच्या मागून येत असतील. थोडक्यात, कुणीतरी पुढारी असणार.

केलर आणि गणितज्ञ ली सीगल यांनी १९७० साली समीकरणं मांडून दाखवलं की पुढाऱ्याची गरज नाही. सगळ्या पेशी अगदी सारख्या असल्या तरी चालेल. भूक लागल्यावर प्रत्येक पेशी जरा जास्त रसायन सोडू लागते, त्याच्याकडे जरा जास्त ओढली जाते. अशा वेळी कुठेतरी योगायोगानं चार पेशी जवळ आल्या, की तिथे रसायन थोडं जास्त. म्हणून आणखी पेशी येतात, म्हणून रसायन आणखी वाढतं. पसरण्याची ओढ कमी पडते, जमण्याची ओढ जिंकते, आणि सारखं पसरलेलं चित्र आपोआप मोडतं.

आमच्या आग्रा-मुंबई रस्त्यावर कधी गाडी चालवली असेल तर हे लगेच कळेल. पुढे अपघात नाही, सिग्नल नाही, मिरवणूक नाही, तरी वाहतूक तुंबते. कुणीतरी जरासा ब्रेक दाबला, मागच्यानं थोडा जास्त दाबला, त्याच्या मागच्यानं आणखी. त्या कोंडीला पुढारी नसतो. पण आपण मान बाहेर काढून शोधत असतो, "कोण आहे रे पुढे?"

नेमकी हीच गोष्ट केलर यांच्या मनात राहिली. त्यांची समीकरणं आजही गणितज्ञ अभ्यासतात, पण त्या वेळी जीवशास्त्रज्ञ पुढारी पेशींच्याच कल्पनेकडे परत परत जात राहिले. पुरावा नसताना त्यांना ती कल्पना अधिक पटायची. केलर यांना वाटलं, इथे प्रश्न फक्त अमीबाचा नाही, बघणाऱ्याचा आहे. कुणीतरी हुकूम देतो आणि बाकीचे ऐकतात, हे चित्र आपल्याला इतकं सहज का पटतं? आपण समाजात जे पाहतो तेच सूक्ष्मदर्शकाखाली शोधतो का? असा प्रश्न पडला की माणूस प्रयोगशाळेच्या दारातून बाहेर येऊन विज्ञानाकडेच बघू लागतो. केलर यांचं तत्त्वज्ञान असं सुरू झालं.

मग त्या एका वनस्पतिशास्त्राच्या बाईंकडे वळल्या. बार्बरा मॅक्लिन्टॉक. जन्म १९०२ चा, आयुष्य मक्याबरोबर काढलेलं. आता इंदूरच्या माणसासमोर मक्याचं नाव काढलं की त्याला सराफ्यातला भुट्ट्याचा कीस आठवतो. पण मॅक्लिन्टॉक ज्या मक्यावर काम करत होत्या त्याच्या कणसावर जांभळे, पिवळे, ठिपक्यांचे असे दाणे असतात. त्या ठिपक्यांवरून त्यांनी ओळखलं की गुणसूत्रांवरचे काही तुकडे आपली जागा बदलतात. एका ठिकाणाहून सुटतात, दुसरीकडे जाऊन बसतात, आणि तिथल्या जनुकाचं काम बंद किंवा सुरू होतं. त्या काळी जनुकं म्हणजे माळेत ओवलेले मणी, जागचे न हलणारे, असं मानलं जायचं. १९५१ साली कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या परिषदेत त्यांनी हे सविस्तर मांडलं. फारसं कुणाला उमगलं नाही.

केलर यांनी मॅक्लिन्टॉक यांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांचं चरित्र लिहिलं. ते १९८३ साली आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मॅक्लिन्टॉक यांना नोबेल जाहीर झालं, एकटीला. ते पुस्तक घरोघर पोचलं. पुढे काही इतिहासकारांनी म्हटलं की केलर यांनी एकाकीपणाची बाजू जरा जास्त रंगवली. जागा बदलणारे तुकडे मक्याच्या अभ्यासकांनी बऱ्यापैकी लवकर मान्य केले होते, न पटलेला भाग होता तो त्यांच्यामुळे जनुकांचं नियंत्रण होतं हा. हा आक्षेप महत्त्वाचा आहे आणि तुम्ही पुस्तक वाचाल तेव्हा ध्यानात ठेवा.

पण माझ्यापुरतं त्या पुस्तकाचं मोल वेगळं आहे. त्यात एक सवय दिसते. मॅक्लिन्टॉक प्रत्येक रोप ओळखायच्या. शंभरांतला एक दाणा निराळा निघाला तर तो अपवाद म्हणून बाजूला टाकायच्या नाहीत, त्याच्यापाशीच थांबायच्या. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर लाल पेन आलं. ती दहावी कुंडी आली.

केलर यांच्याबद्दल एक गैरसमज फार आहे. १९८५ साली त्यांचं लिंगभाव आणि विज्ञान या विषयावरचं पुस्तक आलं आणि लोक म्हणू लागले की बायकांचं विज्ञान वेगळं असतं, असं या बाई सांगतात. त्यांनी वारंवार सांगितलं की मी असं म्हणत नाही. त्यांचा मुद्दा वेगळा होता. तटस्थ असणं, निसर्गावर ताबा मिळवणं, भावना दूर ठेवणं, हे सगळं पुरुषाचं मानलं गेलं. जवळ जाऊन समजून घेणं हे बाईचं मानलं गेलं. मग विज्ञानानं पहिलं उचललं आणि दुसरं हलकं ठरवलं. याला इतिहास आहे, तो निसर्गनियम नाही. जवळ जाऊन पाहणं हेही वस्तुनिष्ठच असू शकतं, आणि ते पुरुषालाही जमतं. मी बाई असून काट मारली होती, हे विसरू नका.

पुढे त्या एमआयटीमध्ये विज्ञानाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवत होत्या. १९९२ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. आणि मग त्यांनी जनुक या शब्दालाच हात घातला. २००० साली मानवी जनुकसंचाच्या कच्च्या आराखड्याची घोषणा झाली. त्याच वर्षी विसावं शतक हे जनुकाचं शतक कसं होतं, हे सांगणारं त्यांचं पुस्तक आलं. गंमत अशी, की सगळे विजयाचे ढोल वाजवत असताना केलर म्हणत होत्या की हा शब्द आता थकला आहे. माणसाची जनुकं लाखभर असतील असे अंदाज होते, आज प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे वीस हजार मानली जातात. एकच जनुक वेगवेगळ्या पेशीत वेगवेगळं काम करतं. म्हणजे जनुक हुकूम देतं आणि पेशी ऐकते, हे चित्र अपुरं आहे. जनुक काय करणार हे पेशीही ठरवते. पुन्हा तोच अमीबाचा धडा. पुढारी शोधू नका, देवाणघेवाण बघा.

२०१० मध्ये त्यांनी आणखी एका वादाला हात घातला. मुलाची हुशारी किती टक्के रक्तातली आणि किती टक्के घरातली? आपल्याकडे तर हा प्रश्न लग्नाच्या बैठकीतसुद्धा निघतो. "गणित त्यांच्या घराण्यातच आहे हो." केलर म्हणतात, एका माणसाबद्दल हा प्रश्नच नीट विचारलेला नाही. मी माझ्या भाषेत सांगते. समोर एक भाकरी आहे. तीत पीठ किती टक्के आणि आच किती टक्के? याला उत्तर नाही. पीठ नसेल तर भाकरी नाही, आच नसेल तरी भाकरी नाही. हां, एकाच पिठाच्या वीस भाकऱ्या वेगवेगळ्या चुलींवर भाजल्या, तर त्यांच्यातला फरक कशामुळे, हे विचारता येतं. फरकाबद्दलचा प्रश्न आणि एका भाकरीबद्दलचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण पहिल्याचं उत्तर घेऊन दुसऱ्यावर चिकटवतो, आणि एखाद्या मुलीला सांगून टाकतो की हे तुझ्या रक्तात नाही.

केलर २२ सप्टेंबर २०२३ रोजी गेल्या. वय सत्त्याऐंशी.

आता शेवटचं. निवृत्तीनंतर तो विद्यार्थी एका लग्नात भेटला. आता तोही शिकवतो. मी न राहवून विचारलं, "तुला ती दहावी कुंडी आठवते का रे?" तो हसला. म्हणाला, "मॅडम, ती कशी विसरेन? प्रयोगाचे आकडे कसे साफ करायचे ते त्या दिवशीच कळलं. मी पण मुलांना तसंच सांगतो."

मला पुढचं जेवण गेलं नाही. चूक माझी होती, आणि ती आता त्याच्या वर्गात शिकवली जात होती.

मी त्याला तिथेच पंगतीत सगळं सांगितलं. मक्याचा दाणा, अमीबा, सगळं. त्यानं शांतपणे ऐकून विचारलं, "मग मॅडम, प्रत्येक विचित्र आकडा खरा मानायचा का?" प्रश्न बरोबर होता. नाही मानायचा. दहातले नऊ विचित्र आकडे आपल्याच गलथानपणाचे असतात. पाणी कमी पडलं असेल, चिठ्ठी बदलली असेल. त्या कुंडीचं काय होतं ते आता कधीच कळणार नाही. मुगाचं एखादं वेगळं बी असेल, किंवा पोरगा मीठ घालायला विसरला असेल. पण काट मारण्याआधी ती कुंडी पुन्हा लावायला हवी होती. आणि नाहीच जमलं, तर वहीत लिहून ठेवायला हवं होतं, की दहावी कुंडी अशी वाढली, कारण माहीत नाही.

मागच्या पावसाळ्यात त्याचा फोन आला होता. म्हणाला, "मॅडम, वर्गात लाल पेन बंद केलंय. मुलं आता विचित्र आकड्याभोवती पेन्सिलनं गोल करतात." इतकंच. तुमच्याही वहीत अशी काट मारलेली एखादी ओळ असेल. आज घरी जाऊन ती शोधा.