जुनी वास्तू आणि विजेचे देयक
(हीरक महोत्सवी वर्षातील व्याख्यान, स्मृति नगर, भिलाई)



शाळेने साठी गाठली की तिच्या इमारतीचाही हिशेब मांडला जातो. छत गळते, उन्हाळ्यात वर्ग तापतात, विजेचे देयक दरवर्षी वाढते. मग संस्थाचालकांपुढे दोन सूचना हटकून येतात. पहिली, जुने पाडून नवे बांधावे. दुसरी, जुन्या खोल्यांना फॉल्स सीलिंग लावावे, खिडक्या काचेने बंद कराव्यात आणि एसी बसवावेत. दोन्ही सूचनांमागे मुलांच्या सुखाचाच विचार असतो. परंतु दोहोंच्या मुळाशी एक समज असतो, तो असा की जुनी वास्तू म्हणजे ऊर्जेची उधळपट्टी. हा समज किती खरा, हे पाहिल्याशिवाय कुदळ उचलणे योग्य नव्हे.

ज्या काळी विजेचा पंखाही नव्हता, त्या काळच्या बांधणाऱ्यांना ऊन, वारा आणि पाऊस यांच्याशी थेट व्यवहार करावा लागे. मराठी मुलखातला वाडा हे त्याचे सुबक उदाहरण आहे. जाड भिंती, रस्त्याच्या बाजूला मोजकी उघडीप, मध्ये चौक आणि चौकाभोवती सोपे. दुपारची उष्णता जाड भिंतीतून आत झिरपायला कित्येक तास लागतात. तोवर रात्र झालेली असते आणि चौकातून वर निघणारी गरम हवा ती उष्णता घेऊन जाते. छत्तीसगडच्या गावांतील मातीच्या भिंती आणि खापरांचे छप्पर यांमागेही हेच शास्त्र आहे.

पुण्यातील विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधला गेला. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये त्याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पेशव्यांच्या निवासाची विद्यार्थ्यांची शाळा झाली. वास्तू तीच राहिली, उपयोग बदलला. जुनी वास्तू टिकते ती अशी, वापरात राहून. १९६४ च्या व्हेनिस सनदेतही हेच तत्त्व आहे: समाजोपयोगी वापर वास्तूच्या जतनाला साहाय्यकारी ठरतो, मात्र त्या वापरासाठी तिची रचना वा अलंकरण बदलता कामा नये.

भिलाईला मुंबईच्या एका वास्तूची आठवण विशेष जवळची वाटेल. हावड्याहून नागपूरमार्गे जाणारी मुंबई मेल दुर्ग स्थानकावर थांबते आणि तिचा प्रवास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला संपतो. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्याप्रमाणे १८७८ मध्ये या वास्तूचे काम सुरू झाले आणि सुमारे दहा वर्षे चालले. मध्ये अंगण सोडून इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकारात तिची मांडणी आहे. कमानींच्या ओळी आणि उंच छते यांमुळे मुंबईच्या दमट हवेत वारा खेळता राहतो. २००४ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसास्थळांच्या यादीत घेतले. ही वास्तू मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे आणि रोज लाखो प्रवासी या स्थानकातून ये-जा करतात. तरीही २०२० मध्ये या स्थानकाला भारतीय हरित इमारत परिषदेचे सुवर्ण मानांकन मिळाले. त्यामागील उपायांत एलईडी दिवे, कमी वीज घेणारे पंखे आणि सौर पॅनेल यांचा वाटा होता. अशा साधनांसाठी कोरीव दगडाला हात लावावा लागत नाही, आणि उद्या अधिक चांगले साधन आले तर आजचे सहज काढून ठेवता येते. वास्तुजतनात याला मोठे महत्त्व आहे. जे केले ते पुढच्या पिढीला पूर्ववत करता आले पाहिजे.

न्यूयॉर्कच्या १९३१ सालच्या एम्पायर स्टेट इमारतीचे उदाहरणही बोलके आहे. २००९ मध्ये तिच्या ऊर्जा-नूतनीकरणाचे काम हाती घेतले गेले, तेव्हा ६,५१४ खिडक्या फेकून नव्या बसवणे हा सोपा मार्ग होता. तो टाळण्यात आला. इमारतीतच कार्यशाळा थाटून त्याच काचा काढल्या गेल्या, त्यांच्या दोन थरांमध्ये उष्णता अडवणारा पातळ पडदा आणि वायू भरून त्या पुन्हा बसवल्या गेल्या. खोल्या तापवणाऱ्या नळ्यांमागे उष्णतारोधक आवरण लावले, शीतकरण यंत्रे बदलण्याऐवजी सुधारली. या सर्व योजनेतून ऊर्जेचा वापर सुमारे ३८ टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. आधी गरज कमी करावी, मग यंत्राचा आकार ठरवावा, हा त्या कामाचा क्रम होता.

पाडून नवे बांधण्याच्या सूचनेबाबत भिलाईकरांना फार सांगण्याची गरज नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून येथील घराघराला पोलादामागची आग ठाऊक आहे. झोतभट्टीच्या मार्गाने एक टन पोलाद तयार होताना दोन टनांहून अधिक कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. सिमेंट आणि वीट यांनाही भट्टी लागते. उभ्या इमारतीत ही ऊर्जा एकदा खर्च होऊन बसलेली आहे. ती पाडली की तो खर्च मातीमोल होतो आणि तेवढाच पुन्हा करावा लागतो. नवी इमारत दरवर्षी थोडी वीज वाचवील. पण बांधणीत गेलेली ऊर्जा भरून निघायला अनेक वर्षे जातात, हे देयकावर छापलेले नसते.

दुसऱ्या सूचनेचा तपशील अधिक बारकाईने पाहावा लागेल. उंच छताजवळचे झरोके गरम हवा बाहेर जाण्यासाठी असतात. फॉल्स सीलिंग लावले की ते झाकले जातात. खिडक्या कायमच्या बंद केल्या की रात्रीचा गारवा आत येत नाही. अशा रीतीने वास्तूची स्वतःची थंड होण्याची सोय मोडली जाते आणि यंत्र अपरिहार्य होते. दीड टनाचा एक एसी साधारण दीड किलोवॅट वीज घेतो. तेवढ्यात ७५ वॅटचे २० जुने पंखे किंवा ३० वॅटचे ५० नवे बीएलडीसी पंखे चालतात. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवणे हीही अशीच चूक आहे. चुना ओलावा घेतो आणि सोडतो. सिमेंट तो कोंडून ठेवते. मग भिंतीला लोणा लागतो, पापुद्रे सुटतात आणि दोष जुन्या भिंतीच्या माथी येतो.

मात्र जुने ते सारे उत्तम, असेही नाही. साठ वर्षांपूर्वीच्या पुष्कळ शाळा वाड्यासारख्या नाहीत. त्यांच्या भिंती विटांच्या आणि छत सपाट स्लॅबचे असते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा सर्वाधिक ऊन सोसते ते हे छत, आणि शेवटच्या मजल्यावरचे वर्ग तापतात तेही त्यामुळेच. म्हणून पहिला उपाय छतावर हवा. आधी गळती थांबवावी. मग गच्चीवर पांढरा चुना द्यावा किंवा पांढऱ्या चिनी फरशीच्या तुकड्यांचे चायना मोझॅक करावे, म्हणजे बरेचसे ऊन परत फेकले जाते. चुन्याचा पांढरेपणा धुळीने जातो. उन्हाळ्याच्या तोंडाशी दरवर्षी नवा हात द्यावा लागतो. मोझॅक असो वा सौर पॅनेल, वजन वाढवण्यापूर्वी जाणत्या अभियंत्याकडून स्लॅबची तपासणी करून घेणे आवश्यक आहे.

दुसरा उपाय खिडक्यांचा. मोडक्या बिजागऱ्या, वाकलेली झडपे आणि फुटकी तावदाने दुरुस्त करावीत. पश्चिमेकडील खिडक्यांवर छज्जा किंवा वाळ्याचे पडदे असावेत. जाळी बसवून रात्री वरचे झरोके उघडे ठेवावेत आणि सकाळी ऊन चढण्यापूर्वी खालच्या खिडक्या ओढून घ्याव्यात. यासाठी पैसा लागत नाही, शिस्त लागते. कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम काम देतो, पण त्याच्यासमोर हवा बाहेर जाण्यास वाट हवी. बंद खोलीत तो केवळ दमटपणा वाढवतो.

तिसरा उपाय पंखे आणि दिवे. उदाहरणादाखल, एखाद्या शाळेत ७५ वॅटचे ४० पंखे रोज ६ तास, वर्षात २०० दिवस चालत असतील तर ३,६०० युनिट वीज लागते. ३० वॅटचे पंखे बसवल्यास तेच काम १,४४० युनिटांत होते. वर्षाला २,१६० युनिट वाचतात आणि इमारतीची एक वीटही हलत नाही. संगणक कक्षासारख्या जागी एसी लागलाच तर तो त्या एका खोलीपुरता असावा आणि २४ अंशांवर ठेवावा. सौर पॅनेलचा क्रम या सर्वांनंतर येतो. गरज आधीच घटली असेल तर कमी पॅनेलांत भागते, आणि दर्शनी भागावरून न दिसतील अशी ती मांडता येतात.

या कामाची सुरुवात ठेकेदाराच्या अंदाजपत्रकाने होऊ नये. वर्षभराची देयके, प्रत्येक वर्गातील दुपारचे तापमान आणि भिंतींवरील ओल यांची नोंद आधी व्हावी. हे काम आठवी-नववीचे विद्यार्थी विज्ञानाच्या तासाला करू शकतात. माजी विद्यार्थ्यांत अभियंते, वास्तुविशारद आणि पोलाद कारखान्यात आयुष्य घालवलेले तंत्रज्ञ असतात. त्या नोंदींवरून उपायांचा क्रम आणि खर्च त्यांना ठरवता येईल. पालकांनी देणगी देताना एसीऐवजी एखाद्या वर्गाची खिडकी किंवा गच्चीचा एक भाग आपल्या नावे करावा.

स्मृति नगरात भरलेल्या या सभेत एवढे सांगणे पुरेसे आहे की शाळेची स्मृती तिच्या भिंतींतही असते. पहिली अक्षरे ज्या फळ्यावर गिरवली गेली, त्याच्या मागची भिंत उभी ठेवणे आणि त्या वर्गात बसणाऱ्या आजच्या मुलाला उन्हापासून वाचवणे, ही दोन कर्तव्ये परस्परविरोधी नाहीत. योग्य क्रमाने काम केले तर दोन्ही एकाच खर्चात साधतात. पुढचा उन्हाळा येण्यापूर्वी निदान गच्चीवर पांढरा हात फिरावा आणि वरचे झरोके उघडावेत; बाकीचे काम त्यानंतर, नोंदींच्या आधाराने, वर्षावर्षाने करता येईल.