दोन तऱ्हेची फुले आणि एक विणकर



गिरणीकामगारांच्या चळवळीत वावरणाऱ्या आम्ही फुलांवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण या गोष्टीत एक विणकर आहे, म्हणून विषयावर आमचाही हक्क पोचतो.

इंग्लंडात प्रिम्युला नावाचे फूल वसंतात फुलते. त्याच्या काही रोपांवरील फुलांत स्त्रीकेसराची गोल गाठ टाचणीच्या डोक्यासारखी तोंडाशी दिसते व पुंकेसर आत नळीत दडलेले असतात. इतर रोपांवर नेमके उलट. तिकडचे बागवान पहिल्या तऱ्हेला ‘पिन’ म्हणत, दुसरीला ‘थ्रम’. थ्रम म्हणजे मागावरून कापड उतरल्यावर उरणारी सुताची टोके; आपल्याकडच्या दशाच म्हणा ना!

परागांतही भेद आहे. पिनचे कण बारीक, थ्रमचे मोठे. हा भेद कशासाठी? चार्ल्स डार्विनने रोपे जाळीखाली झाकली, हाताने पराग घातला आणि बिया मोजल्या. १८६२ साली त्याने निष्कर्ष छापला: पिनला थ्रमचा व थ्रमला पिनचा पराग मिळाला तर बी भरघोस धरते, स्वतःच्या तऱ्हेचा मिळाला तर कमी. मधासाठी आलेल्या कीटकाच्या सोंडेला एका फुलात ज्या उंचीवर पराग चिकटतो, त्याच उंचीवर दुसऱ्या तऱ्हेच्या फुलाचे स्त्रीकेसर असते. आपल्या तामण-मेंदीच्या कुळातील लिथ्रमला तर तीन तऱ्हा; त्याच्या सर्वांत लांब पुंकेसरांचा पराग हिरवा, बाकीच्यांचा पिवळा.

२०१६ साली थ्रमच्या रोपांत पाच जनुकांचा एक गट सापडला. पिनमध्ये तो मुळीच नसतो. म्हणून पिन हलकी ठरत नाही. तिच्या परागावाचून थ्रमचे बीही भरघोस होत नाही. फुलांवरून माणसांचे कायदे काढावेत, असे मात्र आमचे म्हणणे नाही.

आता तो विणकर. लँकेशायरचे हातमागवाले प्रिम्युलाच्या जातीची फुले हौसेने वाढवीत. १८७७ च्या ग्रंथात, एका तळटीपेत, डार्विनने तर्क केला आहे की ‘थ्रम’ हे नाव अशाच कुणा विणकराने पुंकेसरांचा झुबका पाहून दिले असावे. त्या विणकराचे स्वतःचे नाव कुणी लिहून ठेवले नाही.

पाहायला पदवी लागत नाही, हे आम्ही कामगारांना नेहमी सांगतो. पण त्याबरोबर दुसरेही सांगतो: पाहिलेले मोजावे लागते. डार्विनने बिया मोजल्या नसत्या, तर पिन आणि थ्रम ही बागवानांची दोन गमतीची नावेच राहिली असती.