मनाजोगती बातमी



पत्रकाराच्या पूर्वग्रहाचा विषय निघाला की चर्चा हटकून अग्रलेखाकडे, नाहीतर मालकाकडे वळते. अमुक पत्र अमुक पक्षाचे, तमुक संपादक तमुक जातीचा, एवढे म्हटले की बोलणे संपते. मला आज दुसऱ्याच जागेकडे लक्ष वेधायचे आहे. एखादी बातमी हाती येते आणि ऐकताक्षणी पटते. का पटली, हे आपण स्वतःला विचारत नाही. आपला पूर्वग्रह तिथे बसलेला असतो.

कोल्हापूर प्रकरण आपण शाळेपासून ऐकत आलो. टिळक आणि आगरकर तुरुंगात गेले, १०१ दिवसांनी सुटले, आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. या गौरवकथेतून मधली पायरी मात्र गळून पडते. ‘केसरी’ सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. कोल्हापूरचे तरुण छत्रपती शिवाजीराव यांचा छळ चालला आहे आणि त्यात दिवाण माधवराव बर्वे यांचा हात आहे, असे लिहिले गेले. आधाराला बर्व्यांची म्हणून काही पत्रे होती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि ती पत्रे बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२मध्ये चार महिन्यांची शिक्षा झालीच. खटल्यात जामीन भरला तो रामशेठ उरवणे या सत्यशोधकांनी, जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून. मतभेद असलेल्या माणसांसाठी हे करणे फुल्यांना जमले, हेही आपण विसरू नये.

दोघे पंचविशी-सव्विशीतले असले तरी भोळे खचितच नव्हते. एक गणिताचा माणूस, दुसरा तर्काचा कडवा उपासक. मग पत्रे पटली कशी? मला दिसते ते असे, की पत्रांतला मजकूर त्यांच्या मनात आधीच लिहिलेला होता. साहेबाच्या मर्जीतला दिवाण असाच वागणार, हे गृहीत होते. तीच पत्रे उलट बाजूची असती, तर अक्षर ताडून पाहिल्याशिवाय एक ओळ छापली गेली नसती. आणि पुढे काय झाले पाहा. डिसेंबर १८८३मध्ये अहमदनगरला, गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीनंतर, हे महाराज मरण पावले. म्हणजे कळवळा अस्थानी नव्हता. कळवळा खरा होता आणि कागद खोटे होते. आपल्या धंद्यातला सर्वांत अवघड प्रसंग मी यालाच मानतो. बाजू न्यायाची असते तेव्हा पुरावा तपासणे हीच बेइमानी वाटू लागते.

१९२० साली अमेरिकेत वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ या दोघा पत्रकारांनी एक कष्टाचे काम केले. रशियन क्रांतीच्या तीन वर्षांतले ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे हजारांवर अंक काढून बसले. केरेन्स्कीची लष्करी मोहीम फसली, बोल्शेविकांनी सत्ता घेतली, त्यांनी जर्मनीशी तह केला, बोल्शेविकांविरुद्ध लढणाऱ्या ‘श्वेत’ सेनापतींचा पाडाव झाला, अशा ज्यांविषयी वाद नाही त्याच घटना त्यांनी घेतल्या आणि त्या-त्या वेळी वाचकाला काय सांगितले गेले होते ते शेजारी ठेवले. बोल्शेविक राजवट आता कोसळते आहे किंवा कोसळलीच आहे, असे त्या पत्राने ९१ वेळा सांगितले होते. दोघांनी मालकाचा कट शोधला नाही. बातमीदारांच्या आणि संपादकांच्या मनातली आशा आणि भीती यांनीच बातम्या गाळल्या आणि रंगवल्या, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे त्याच ‘टाइम्स’ने मर्झ यांना आपल्या संपादकीय पानाचे प्रमुख केले. टीका पचवणारे पत्र कसे असते, ते यात दिसते.

त्याच १९२० सालच्या ३१ जानेवारीला इथे ‘मूकनायक’ निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. त्या नकारात कुणा एकाचा राग असेल-नसेल. पण सगळी खोली एकाच आळीतून आलेली असली की काय गाळले जाते, हे तिथल्या कुणालाच दिसत नाही. शंभर वर्षांत आपण फार पुढे आलो, असे म्हणायची सोय नाही. २०१९मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्री यांनी पाहणी केली, तेव्हा वृत्तसंस्थांमधल्या १२१ प्रमुख पदांपैकी १०६ जागी उच्चवर्णीय होते, दलित-आदिवासी एकही नव्हता. स्वतःचा पूर्वग्रह स्वतः शोधायला मर्यादा आहे. तो दाखवणारे माणूस शेजारच्या खुर्चीवर असावे लागते.

आता आपल्या रोजच्या कामाकडे येतो. शेतकऱ्याची आत्महत्या होते. कुटुंबाला सरकारची १ लाखाची मदत मिळायची तर प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते. नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा हे पाहिले जाते. अहवालात कुठेतरी ‘व्यसनाधीन’ असा शब्द असतो. शेतकरी म्हणजे पिणारा आणि लग्नात उधळणारा, असे मनात असलेला वार्ताहर तो शब्द उचलतो आणि त्याचा मथळा करतो. शेतकऱ्याच्याच घरातला वार्ताहर, ज्याच्या बापाने सोसायटीचे हप्ते रखडत फेडले, तो शब्द गाळून टाकतो. दोघांनाही आपण खरे लिहिले असेच वाटते. मला या दोघांना एकाच वाटेने पाठवायचे आहे. सातबारा पाहा. सोसायटीची थकबाकी किती, नोटीस कधी आली, खाजगी सावकाराचे किती, गेल्या दोन हंगामांत कापसाचे काय झाले. दारूचे कुणी सांगितले, कधीपासून, आणि सांगणाऱ्याचा त्यात काय संबंध. त्याच्या बायकोशी बोला, भावकी समोर नसताना. मग दारू असेल तर दारू लिहा आणि कर्ज असेल तर कर्ज. आणि मेली ती बाई असेल, तर जमीन तिच्या नावावर नाही एवढ्यावरून ‘घरगुती कारण’ म्हणून आतल्या पानावर टाकू नका. पी. साईनाथ कित्येक वर्षे हे सांगत आले आहेत, की नावावर जमीन नसलेली शेतकरी बाई आपल्या मोजणीतूनच निसटते.

तालुक्याला काम करणाऱ्यांची अडचण मला ठाऊक आहे. सरपंच पाहुण्यातला, कारखान्याचा संचालक मामाच्या गावचा, आणि वाढदिवसाच्या पुरवणीची जाहिरात त्याच्याकडूनच आणायची. तिथे तटस्थ राहा असा कोरडा उपदेश करणे मला शोभणार नाही. नाते असेल तर जिल्हा कार्यालयाला आधी सांगावे आणि ती बातमी दुसऱ्याकडे द्यावी, एवढे तरी करता येते. ज्या पत्रांना वार्ताहराचे पोट जाहिरातीच्या टक्केवारीवर ठेवायचे आहे, त्यांनी त्याच्या पूर्वग्रहावर बोलू नये, हे मी इथून मालकांनाही सांगतो.

मत असणे हा दोष मी मानत नाही. आगरकरांनी १८८८मध्ये ‘सुधारक’ काढला तो मत मांडायलाच, आणि ‘मूकनायक’नेही आपली बाजू लपवली नव्हती. जाहीर बाजू वाचकाला दिसते, तो तिचे काय ते माप लावतो. न दिसणाऱ्या बाजूसाठी मी नव्या सहकाऱ्यांना एक सवय सांगत असतो. बातमीला निघण्याआधी वहीत दोन ओळी लिहा: तिथे काय सापडेल असे वाटते, आणि काय सापडले तर ही बातमी मी सोडून देईन. दुसरी ओळ लिहिता आली नाही, तर तुम्ही चौकशीला निघालेले नाही, साक्षीदार गोळा करायला निघाला आहात. आणि जी बातमी ऐकून आनंद झाला, तिच्यासाठी एक फोन जास्त करा, विरुद्ध बाजूच्या माणसाला.

या अधिवेशनासमोर मी एक प्रस्ताव ठेवतो आहे. लिपमन-मर्झ यांनी जे परक्या पत्राचे केले, ते आपण आपल्या अंकांचे करावे. प्रत्येक जिल्ह्यात पाच जणांचा गट असावा, वेगवेगळ्या पत्रांतला, वेगवेगळ्या समाजांतला, आणि त्यात किमान दोन स्त्रिया. विषय एकच घ्यावा, उसाच्या दराचा घ्या किंवा आरक्षणाच्या आंदोलनाचा, आणि मागच्या तीन वर्षांचे अंक काढावेत. आपण काय घडेल म्हणालो, काय घडले, कुणाला किती वेळा बोलू दिले, हे मोजून पत्रांच्या नावांनिशी पुढच्या अधिवेशनात मांडावे. उद्याच्या खुल्या सत्रात यावर मतदान आहे. दुरुस्त्या सुचवायच्या असतील त्यांनी आज रात्रीपर्यंत कार्यवाहांकडे लेखी द्याव्यात.