राणी रोज काय करायची?

(ठाकुरवाडी, ता. कर्जत, जि. रायगड येथील महिला मेळाव्यातलं भाषण)



काल रात्री आपण सगळ्यांनी मिळून 'मणिकर्णिका' बघितला. पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. घोड्यावरची बाई बघताना मलाही दोन-चार वेळा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आज सकाळी एका मावशींनी विचारलं, "ताई, लढाई नसेल तेव्हा ही राणी रोज काय करायची?" एवढा लांबलचक सिनेमा बघूनही याचं उत्तर मिळत नाही. माझी निराशा झाली ती इथंच.

२०१९ सालचा हा हिंदी सिनेमा. सुरुवातीला वाघ, मग गोऱ्यांच्या तावडीतून वासरू सोडवणं, मग एकटीनं केलेली कापाकापी, आणि शेवटी ज्वाळांमध्ये ॐ. बाई लढली म्हणजे ती देवीच असली पाहिजे, तुमच्या-माझ्यासारखी नाही, असा सगळा थाट. पैसा भरपूर ओतलाय, दागिनेही भरपूर आहेत.

आता खरी हकिकत ऐका. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव वारले. त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता. गव्हर्नर जनरल डलहौसीनं दत्तक नामंजूर केलं आणि १८५४ मध्ये झाशी खालसा केली. तेव्हा या विधवा बाईनं पहिलं काय केलं? तलवार उपसली नाही. तिनं अर्ज लिहिले. तुम्ही आमच्या सासऱ्यांच्या घराण्याशी करार केलाय, शेजारच्या दतिया, ओरछा संस्थानांना दत्तक चालतं, मग आम्हांलाच का नाही, असं मुद्देसूद विचारलं. जॉन लँग नावाचा वकील बोलावला, पडद्याआडून त्याच्याशी सल्लामसलत केली, विलायतेपर्यंत दाद मागितली. सगळीकडून नकार आला. महिना पाच हजारांची पेन्शन देऊ केली, आणि वर नवऱ्याचं कर्ज त्यातून फेडा म्हणून सांगितलं! हसू नका. नवऱ्याचं कर्ज बाईच्या गळ्यात, हे आपल्याला काय नवीन आहे?

'मेरी झाँसी नहीं दूँगी' ही गर्जना सगळ्यांना पाठ आहे. तिच्यामागचे हे कागद कुणालाच आठवत नाहीत. सिनेमात त्या आरोळीपुढे कागद दिसतच नाही. मला विचाराल तर धीर त्या कागदातच जास्त होता. आपण हरणार हे समोर दिसत असताना पुन्हा पुन्हा लिहायचं!

पुढं जून १८५७ ते एप्रिल १८५८ असे दहाएक महिने झाशीचा कारभार तिनं चालवला. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर या दिवसांत आहे, आणि ते आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसानं लिहून ठेवलंय. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे. दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि बंडात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते आत शहरातच होते. त्यांचं 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापून आलं. त्यात राणी सकाळी व्यायाम करते, कचेरीत बसते, गाऱ्हाणी ऐकते, हुकूम सांगते, कधी स्वतःच लिहिते. म्हणजे राणी काम करायची, मावशी. रोज!

गोडसेंनी आणखी एक प्रसंग लिहिलाय. झाशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर, धुळीनं भरलेली, तहानलेली राणी त्यांना एका विहिरीवर भेटली. भटजी पाणी शेंदायला पुढं झाले. तिनं त्यांना थांबवलं, स्वतः पाणी काढलं आणि ओंजळीनं प्यायली. अर्धा शेर तांदूळ मला पुरला असता, असंही तेव्हा म्हणाली. सिनेमात ही विहीर नाही. तुम्ही चैत्र-वैशाखात हंडे घेऊन उतरता-चढता. ही राणी तुम्हांला लगेच ओळखू आली असती.

आणि बाकीच्या बाया कुठं आहेत? वेढ्याच्या वेळी झाशीच्या बाया तोफखान्यावर राबत होत्या, दारूगोळा वाहत होत्या, हे खुद्द इंग्रजांनी लिहिलंय. कोरी समाजातल्या झलकारीबाईची आठवण बुंदेलखंडातल्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या जपली. सिनेमात ती मोजक्या प्रसंगांपुरती येते, त्यातही नाचते. बाकीच्या नुसती गर्दी.

आपल्याकडेही तसंच आहे. माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचे साथी हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या रानात गोळीबारात शहीद झाले. भाईंवरही २०२० मध्ये मराठी सिनेमा आला. आझाद दस्त्याची माणसं महिनोन् महिने रानात राहिली. त्यांच्या भाकऱ्या कुणी भाजल्या असतील? तुमच्या आज्या-पणज्यांकडून काही ऐकलं असेल तर सांगा, आम्ही लिहून घेऊ. नावासकट.

आता कागदाचं बोलू. २००६ च्या वनहक्क कायद्यात जमिनीचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावानं द्यायचा असं स्पष्ट लिहिलंय. तरी दळीच्या दाव्यांवर बाईचं नाव राहून जातं, किंवा तिचा अंगठा 'साक्षीदार' म्हणून घेतात. जेवणानंतर ज्यांच्याकडे दाव्याची प्रत आहे त्यांनी ती घेऊन आंब्याखाली या. ज्यांच्याकडे नाही त्यांनी नुसतं नाव सांगा, ग्रामसभेकडून प्रत मागायचा अर्ज आजच लिहू. कोरे कागद आणि शाईचा पॅड मी आणलाय.