निशाणी नांगर



उत्सवप्रसंगी राजांची, आचार्यांची आणि पंडितांची चरित्रे ऐकण्याचा आपला प्रघात आहे. ज्याच्या खळ्यावरील धान्यावर देवळांचे नैवेद्य आणि मठांची अन्नछत्रे चालत आली, त्या कुणब्याचे चरित्र मात्र सहसा कोणी लिहून ठेवले नाही. त्याचे नाव आढळते ते बहुधा कर्जरोख्याच्या तळाशी. अक्षरओळख नसल्यामुळे सहीच्या जागी नांगराची लहानशी आकृती काढली जाई व शेजारी लिहिले जाई, 'निशाणी नांगर'. पुणे जिल्ह्यातील सुपे या कसब्यातील शेतकऱ्याचे गेल्या शतकापूर्वीच्या शतकातले जीवन या आकृतीवरून पुष्कळसे उलगडते.

सुपे हे शहाजीराजांच्या जहागिरीतील परगण्याचे जुने ठाणे. इंग्रजी अमलात ते भीमथडी तालुक्यात होते. आता बारामती तालुक्यात आहे. पुरंदरचे डोंगर मागे टाकून पूर्वेकडे उतरले की पाऊस उणावत जातो. मृगाच्या भरवशावर बाजरी, मटकी, हुलगा पेरावा आणि हस्ताचा पाऊस साधला तर काळ्या रानात शाळू धरावा, हा तेथील कुणब्याचा वर्षक्रम. विहीर असली तर मोटेवर थोडे बागाईत. पहाटे बायको जात्यावर बसे, तेव्हा तो बैलांना वैरण घालीत असे. फाळ पाजवावयास लोहार, औत नीट करावयास सुतार, नाडा-मोटेस चांभार. या सर्वांचे बलुते खळ्यावरच मोजून दिले जाई. रोकड रुपयाचा संबंध लग्नकार्यात, बैल मेल्यावर आणि सरकारी हप्ता आल्यावर येई. वर्षभराच्या श्रमाचा हिशेब तो पायल्यांनी आणि मणांनी करी.

अडचण उद्भवली ती या ठिकाणी. पेशवाई १८१८ साली संपली. पुढे १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी शेजारच्या इंदापूर तालुक्यात नव्या पाहणीची पद्धत घातली. प्रत्येक शेत मोजून, जमिनीची प्रत ठरवून तीस वर्षांकरिता सारा बांधण्यात आला. आधीच्या प्रिंगलसाहेबांच्या भारी आकारणीपेक्षा ही हलकी होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पडीक राने पुन्हा वहितीस आली. परंतु सारा रोख भरावयाचा होता, आणि रान ज्याच्या नावे त्याला ते गहाण टाकण्याचा व विकण्याचा अधिकार होता. सावकाराच्या दृष्टीने कुणब्याची पत त्यामुळे वाढली. पूर्वी गावाच्या मर्जीबाहेर जाऊन वसुली करणे सावकारास कठीण असे. आता दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा त्याच्या हाती येऊ लागला.

त्यात १८५९ साली मुदतीचा कायदा झाला. खत तीन वर्षांत कोर्टापुढे आणले नाही तर ते बुडावे, हा त्याचा आशय ऋणकोच्या सोयीचा होता. घडले उलट. एक उदाहरण घ्यावे. शंभर रुपयांचे खत, व्याज दरमहा शेकडा दोन रुपये. तीन वर्षांनी व्याज बहात्तर. म्हणून १७२ रुपयांचे नवे खत. आणखी तीन वर्षांनी तेच सुमारे २९६ होई, नऊ वर्षांच्या शेवटी सुमारे ५०९. व्याज मुद्दलापलीकडे जाऊ नये असा आपला दामदुपटीचा जुना दंडक होता. पण दर तिसऱ्या वर्षी व्याजच मुद्दल होऊन बसल्यावर तो दंडक लागू व्हावयाचा कोठे? मध्यंतरी खळ्यावरून उचललेल्या बाजरीची पावती नसे. प्रत्येक खताखाली नांगर मात्र असे.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले. तिकडचा कापूस थांबल्यामुळे मुंबई इलाख्यात पैसा खेळू लागला, लोहमार्गाच्या कामावर मजुरी मिळू लागली, आणि सावकारानेही सढळ हाताने दिले. युद्ध संपले, भाव उतरले. याच सुमारास तीस वर्षांची मुदत भरून १८६७ पासून इंदापूर व पुढे आसपासच्या तालुक्यांत सारा वाढविण्यात आला. सावकाराने हात आखडता घेतला. तोही पुष्कळदा मोठ्या पेढीचा ऋणी असे, हे येथे विसरू नये. समन्स वाचता न येणारा कुणबी कोर्टात जात नसे. एकतर्फी हुकूमनामे होत आणि पिढीजात रान दुसऱ्याच्या नावे चढे. तो स्वतः मग त्याच रानात कूळ म्हणून राबे.

याच मुलखातून, बारामती-इंदापूरच्या वाटेने, दर आषाढात तुकोबारायांची पालखी पंढरीस जाते. तुकोबांच्या घरी सावकारी होती. वडिलार्जित खतांची भावाशी वाटणी करून त्यांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली, अशी परंपरागत कथा आहे. सुप्याच्या कुणब्याने ती कथा कीर्तनात ऐकली नसेल, हे संभवत नाही.

बुधवार, १२ मे १८७५. सुप्याचा बाजार भरला होता. आसपासच्या गावांतून आलेले शेतकरी गुजर व मारवाडी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. कापड व धान्य लुटले गेले, हेही खरे; परंतु मुख्य मागणी खते व वह्यांची होती, आणि त्या भर पेठेत जाळण्यात आल्या. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावी हे लोण पसरले. ज्याने कागद मुकाट्याने काढून दिले त्याच्या अंगास सहसा कोणी हात लावला नाही, असे चौकशी मंडळासही आढळले. पोलीस व फौज आली आणि शेकडो लोक धरले गेले. पाठोपाठ १८७६ चा दुष्काळ पडला. त्याने कैदी आणि फिर्यादी दोघांचीही घरे पाहिली.

सरकारने १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला. खतामागील मूळ व्यवहार न्यायाधीशाने तपासावा, भरलेल्या पैशाची पावती मिळावी, शेतकऱ्याचे खत नेमलेल्या निबंधकासमक्ष लिहिले जावे, कर्जापायी त्याला तुरुंगात टाकू नये, असे त्यात ठरले. पुष्कळांची राने त्यामुळे वाचली. मात्र सावकारही कायदा वाचीत होते. गहाणखताची चौकशी होते असे दिसताच काहींनी कर्ज देतेवेळी सरळ खरेदीखतच लिहून घेण्यास प्रारंभ केला. रान परत देण्याचे वचन तोंडी राही. त्या खरेदीखताखालीही निशाणी नांगराचीच असे.