ठिगळ नको, नवा पत्रा हवा



शहागंजच्या घड्याळाच्या आसपास वाढलेली आपण मुलं. समुद्र पाहिला तो सहलीत. तरी आज बोटीच्या दुरुस्तीबद्दल बोलणार आहे. त्याचं कारण शाळेतच आहे, ते शेवटी सांगते.

गोव्यात मांडवी-झुआरीतून लोहखनिज मुरगाव बंदराकडे नेतात ते पोलादी बार्जमधून. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये तिथल्या खाणी थांबल्या, तेव्हा अनेक बार्ज नदीकाठी नुसत्या उभ्या होत्या. पत्र्यांच्या जाडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कामासाठी मी तिथल्या एका दुरुस्ती यार्डात जात असे.

बार्ज पाण्याबाहेर काढली की आधी खरवडतात, मग अल्ट्रासॉनिक यंत्राने ठिकठिकाणी जाडी मोजतात. वरून रंग चांगला दिसला तरी पत्रा झिजलेला असू शकतो. १० मिलिमीटरचा पत्रा ७ वर आला, तर सहसा बदलावाच लागतो.

झिजलेल्या जागेवर दुसरा पत्रा चिकटवणं स्वस्त, पण ते तात्पुरतंच. खालचा गंज झाकला जातो, थांबत नाही. म्हणून चांगलं पोलाद लागेपर्यंत खराब भाग कापून काढतात. कोपरे गोल ठेवतात, कारण टोकदार कोपऱ्यातून तडा जातो. त्याआधी टाकी रिकामी करून, हवा खेळवून, आत पेट घेणारा वायू नाही याची खात्री करतात. यात हयगय झाली तर माणसं जीवानिशी जातात.

वेल्डर सांधा एका दमात ओढत नाही. थोडा इथे, थोडा तिथे जोडतो, नाहीतर उष्णतेने पत्रा वाकतो. सरांनी प्रयोगशाळेत दाखवलेला गोळा आणि कडीचा प्रयोग मला तिथे आठवला! शेवटी सांध्याच्या एका बाजूला खडूचा लेप, दुसऱ्या बाजूला रॉकेल. खडूवर डाग उमटला की सांधा पुन्हा करायचा.

आता कारण सांगते. शाळेच्या मागच्या लोखंडी जिन्यासाठी आपण वर्गणी काढतो आहोत. गंजलेल्या पायऱ्यांवर पत्रे मारून रंग द्यावा, असं ठरतंय. त्या जिन्यावरून रोज मुलं चढतात. माझी विनंती एवढीच, की आधी गंज खरवडू, जाडी मोजू आणि जिथे लोखंड पातळ झालंय तिथे कापून नवं बसवू. तोवर जिना बंद ठेवू. खर्च वाढेल, मी माझा वाटा दुप्पट देते. देणगीदारांच्या नावांचा फलक पुढच्या वर्षी लावला तरी चालेल.