शब्द सौम्य झाले, हक्कांचे काय?

(अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



दृष्टिहीनांविषयीच्या इंग्रजी शब्दांवर बोलण्यासाठी अर्थशास्त्राच्या एका निवृत्त शिक्षकाने उभे राहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु या शब्दांचा इतिहास शब्दकोशाइतकाच सरकारी अंदाजपत्रकाशी आणि पेन्शनच्या खात्याशी निगडित आहे.

'ब्लाइंड' हा इंग्रजीतील फार जुना शब्द. त्याच्याभोवती वाढलेले वाक्प्रचार मात्र बहुधा निंदेचे आहेत. ज्या नोकरीतून पुढे वाट नाही ती 'ब्लाइंड ॲली'; जाणूनबुजून केलेले दुर्लक्ष म्हणजे 'ब्लाइंड आय'. आपणही 'आंधळा कारभार' म्हणतोच. वस्तुतः कारभार करणाऱ्यांना सारे दिसत असते. ते पाहू इच्छित नाहीत, एवढेच. दोष डोळस सत्तेचा आणि अपकीर्ती मात्र अंधांची, असा हा व्यवहार आहे.

पण वाक्प्रचारांपेक्षा व्याख्या अधिक प्रभावी असतात. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अंध कामगारांनी 'नॅशनल लीग ऑफ द ब्लाइंड' ही आपली संघटना उभारली. एप्रिल १९२० मध्ये तिचे सभासद निरनिराळ्या शहरांतून पायी चालत लंडनला पोहोचले. 'दान नको, न्याय हवा' ही त्यांची घोषणा होती. त्याच वर्षी कायदा झाला आणि अंधांसाठी पेन्शनचे वय ७० वरून ५० वर आले. हा संघटित लढ्याचा विजय होता. तथापि त्या कायद्याने अंध कोणाला म्हटले? ज्या कामाला दृष्टी अत्यावश्यक आहे ते काम करू न शकणाऱ्या माणसाला! म्हणजे माणसाचे माप त्याच्या श्रमशक्तीने घेतले गेले.

अमेरिकेत 'लीगली ब्लाइंड' ही संज्ञा रूढ झाली. निकोप डोळ्याला २०० फुटांवरून दिसणारे अक्षर चष्मा लावूनही ज्याला २० फुटांवरूनच दिसते, तो कायद्याने अंध. या माणसाला काही प्रमाणात दिसत असते. त्याचा अंधपणा ही शासनाने आखलेली रेषा आहे. रेषेच्या आत असेल त्याला साहाय्य, बाहेर असेल त्याला नकार.

ही रेषा सरकवताही येते. आपल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात पूर्वी ६/६० पेक्षा कमी दृष्टी असलेला माणूस अंध मानला जाई. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ही मर्यादा ३/६० करण्यात आली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांनी असंख्य लोकांना दृष्टी परत मिळाली, हे निःसंशय. आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी समान निकष लागतो, हेही मान्य. परंतु अंधांचे प्रमाण घटल्याचे आकडे वाचताना, मोजपट्टी मध्येच बदलली होती, हे विसरणे शास्त्रशुद्ध नव्हे.

आता शब्द सौम्य करण्याचा काळ आहे. इंग्लंडमध्ये प्रमाणपत्रावर 'ब्लाइंड'ऐवजी 'सिव्हिअरली साइट इम्पेअर्ड' आले. आपल्याकडे २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी 'दिव्यांग' शब्द सुचवला. अपमानकारक शब्द जावेत, याविषयी दुमत असू नये. पण अमेरिकेतील 'नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड' या अंधांच्याच संघटनेने १९९३ साली ठराव करून अशा आडवळणाच्या शब्दांना विरोध केला. त्यांची भूमिका मला मननीय वाटते. ज्या शब्दाला आडपडदा लागतो, त्यात काही लाजिरवाणे आहे असे आपण मान्य करून बसतो. अंध असण्यात लाज ती कसली?

म्हणून कोणताही नवा शब्द पुढे आला की आपण तीन प्रश्न विचारावेत. तो कोणी निवडला? त्याच्याबरोबर व्याख्येची रेषा कोठे सरकली? आणि ब्रेल पुस्तक, नोकरी, निर्वेध पदपथ यांपैकी त्याच्यामागून काय आले? काहीच आले नसेल, तर नवा शब्द हे केवळ जुन्या दानाचे नवे वेष्टन होय. १९२० साली लंडनच्या रस्त्यांवरून चाललेल्या त्या कामगारांनी सन्मानदर्शक नाव मागितले नव्हते. त्यांनी न्याय मागितला होता, आणि स्वतःला 'ब्लाइंड' म्हणवूनच मागितला होता.